रग्बी लीग खेळणाऱ्या फॉरवर्डसाठी पॅडेड हेडगिअर: कान वाचतात, मेंदू नाही

मी सेकंड रोमध्ये, म्हणजे धडका घेणाऱ्या फॉरवर्डच्या एका जागेवर, खेळतो आणि सीझनभर हे हेडगिअर घालूनच खेळलोय, पातळ फोमचं, मागे लेस आणि हनुवटीखाली पट्टा असलेलं. कंपनी सांगत नाही कारण बहुतेकांचं डिझाइन जवळपास सारखंच असतं.

आधी चांगलं सांगतो. कानांसाठी हे जबरदस्त आहे. लीगमध्ये प्रत्येक प्ले-द-बॉलला (टॅकल झालेला खेळाडू उठून बॉल पायाने मागे सरकवतो तेव्हा) डिफेन्सला १० मीटर मागे जावं लागतं, म्हणजे दोन्ही बाजू पळत येऊन आदळतात आणि मधल्या पट्ट्यात खेळणारा फॉरवर्ड एका मॅचमध्ये तीस-चाळीस टॅकल, म्हणजे बॉलवाल्याला धरून पाडणं, सहज करतो. दर टॅकलला कान समोरच्याच्या कमरेवर नाहीतर मांडीवर घासला जातो, मग कूर्चा आणि तिच्यावरच्या आवरणामध्ये रक्त साचतं, ते वेळेवर काढलं नाही तर तिथेच घट्ट होतं आणि कान कायमचा गाठाळ होऊन बसतो. हेडगिअरमुळे हे घासणं जवळजवळ बंद झालं. डोक्याला खरचटणं, छोट्या खोका पडणं, तेही बरंच कमी झालं.

आता खरा मुद्दा, आणि तो दुकानात कुणी सांगत नाही. कन्कशन, म्हणजे धक्क्याने मेंदूला होणारी इजा, याने थांबत नाही. ती होते कारण झटका बसला की कवटीच्या आत मेंदू हलतो, पिळवटतो, आणि बाहेर सेंटीमीटरभर फोम लावून ते थांबणार कसं? ऑस्ट्रेलियात रग्बी युनियनच्या (रग्बीचा दुसरा प्रकार) तरुण खेळाडूंवर मोठी ट्रायल झाली होती, २००९ मध्ये तिचे निष्कर्ष आले, हेडगिअर घालणाऱ्यांमध्ये कन्कशन कमी झालेलं दिसलं नाही. म्हणून कुणी "डोकं सेफ राहील" म्हणून विकत असेल तर तिथून घेऊ नका, आणि मुलांना तर हे आधीच नीट समजावून सांगा कारण हेडगिअर चढवलं की पोरं डोकं पुढे घालून टॅकलला जायला लागतात, मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते.

गालाचं तर विचारूच नका, गाल उघडाच असतो. २०१४ च्या एनआरएल (ऑस्ट्रेलियातली टॉपची रग्बी लीग स्पर्धा) ग्रँड फायनलला साउथ सिडनीच्या सॅम बर्जेसने पहिलाच बॉल उचलला, समोरून बुलडॉग्जचा जेम्स ग्रॅहम आला, डोकी आपटली आणि बर्जेसचं गालाचं हाड मोडलं. तरी गडी खेळत राहिला, साउथ ३०-६ जिंकले आणि फायनलमधल्या बेस्ट खेळाडूचं क्लाइव्ह चर्चिल मेडल त्यालाच मिळालं. त्या धडकेत कुठलंच हेडगिअर कामाला आलं नसतं.

मला हेडगिअर म्हटलं की स्टीव्ह मेंझीसच आठवतो. मॅन्लीचा सेकंड रोअर, १९९३ ला सुरुवात, १९९६ आणि २००८ ची प्रीमियरशिप, म्हणजे विजेतेपद, ऑस्ट्रेलियातल्या टॉप ग्रेडमध्ये ३४९ मॅच आणि १८० ट्राय (समोरच्यांच्या गोललाइनपलीकडे बॉल टेकवणं), फॉरवर्डने एवढे ट्राय करणं म्हणजे काय ते खेळणाऱ्यालाच कळेल. २००८ च्या फायनलला मेलबर्नला ४०-० हरवलं, एनआरएलमधली त्याची ती शेवटची मॅच आणि त्यातही ट्राय! पुढे ब्रॅडफर्ड, मग फ्रान्समध्ये कॅटलन्स ड्रॅगन्स, २०१३ ला थांबला तेव्हा वय ३९. पण तो एवढा टिकला ते हेडगिअरमुळे असं मला अजिबात वाटत नाही. त्याच्या लाइन बघा, तो बॉडीवर न जाता दोन डिफेंडरच्या मधल्या फटीत पळायचा, वेळ साधून. फॉरवर्डचं करिअर टॅकलच्या टेक्निकवर आणि डोक्याला लागल्यावर बाहेर बसायच्या तयारीवर टिकतं. एनआरएलने २०२३ पासून कन्कशननंतर किमान ११ दिवस बाहेर बसण्याचा नियम आणला, क्लब लेव्हलला पण तेवढा धीर धरायलाच हवा.

तक्रारी दोन. गरम खूप होतं, सेकंड हाफमध्ये घाम डोळ्यात येतो. आणि कानावरची भोकं लहान असली की मार्करने (प्ले-द-बॉलसमोर उभा राहणारा आपला डिफेंडर) दिलेला कॉल नीट ऐकू येत नाही, भोकं मोठी असलेलं मॉडेल बघा.

साइज घेताना भुवयांच्या जरा वर टेपने माप घ्या, घालून मान जोरात हलवा, हेडगिअर फिरलं तर एक साइज कमी घ्या, कारण टॅकलमध्ये ते डोळ्यावर सरकलं तर न घातलेलं परवडलं. हातानेच धुवा आणि सावलीत वाळवा, उन्हात फोम कडक होतो.