मावशीचं ईबीटी कार्ड आणि ऑनलाइन किराणा

माझी मावशी न्यू जर्सीत एकटी राहते, सिटिझन आहे, काका गेल्यापासून तिला स्नॅप मिळतं, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांसाठीची अमेरिकेतली सरकारी मदत, दर महिन्याला ईबीटी नावाच्या डेबिट कार्डासारख्या कार्डावर किराण्याचे पैसे जमा होतात. गुडघ्यांमुळे बसने दुकानात जाणं जमेना म्हणून सहा महिन्यांपासून आम्ही त्याच कार्डावर ऑनलाइन मागवतोय, तर म्हटलं लिहावं, कुणाच्या आईवडिलांना उपयोगी पडेल.

सोय खरंच चांगली आहे. 2019 मध्ये न्यूयॉर्कपासून सुरू झालेली, आता वॉलमार्ट, ॲमेझॉनवर पण चालते. डाळ, तांदूळ, दूध, फ्रोजन भेंडी, टोमॅटोची रोपंसुद्धा चालतात, साबण, टॉयलेट पेपर, व्हिटॅमिनच्या गोळ्या, गरम तयार जेवण नाही चालत. डिलिव्हरी चार्ज आणि टिप ईबीटीतून जात नाही, त्यासाठी दुसरं कार्ड जोडावंच लागतं, हे आधी माहीत नव्हतं म्हणून पहिली ऑर्डर अगदी शेवटी अडकली. पिकअपला गेलात तर टिपचा प्रश्न नाही.

सगळ्यात त्रास झाला तो पिनचा. मावशीला आकडे पाठ नाहीत, बोटांना पाठ आहेत, दुकानातल्या मशिनवर वर-खाली-मधे असं दाबायची सवय. इथे स्क्रीनवर आकडे उलटसुलट जागी येतात, सिक्युरिटीसाठी, त्यामुळे दोनदा चुकला आणि ती घाबरून फोन माझ्या हातात द्यायला लागली. मी घेतला नाही, पिन तिचा तिनेच टाकायचा. शेवटी डोळे मिटून टेबलावर बोटं फिरवली, आकडे मोठ्याने म्हटले, मग बघून टाकले.

एक तक्रार आहेच. एका मोठ्या चेनच्या ऑर्डरमध्ये तूरडाळ आलीच नाही, पैसे कापलेले, परत कार्डावर यायला आठ दिवस लागले, महिनाअखेर होती आणि कार्डात अकरा डॉलर उरलेले. आपल्याला अकरा डॉलर म्हणजे काही नाही पण तिला तो आठवड्याचा हिशोब असतो हो! म्हणून पिशवी आल्या आल्या यादीशी ताडून बघा, लगेच चॅटवर कळवा.

तरी मी हेच सुचवेन. दुकानात कॅशियर मोठ्याने 'ईबीटी?' विचारायची तेव्हा मागच्या रांगेत ओळखीचं कुणी असलं की मावशी अर्धं सामान परत ठेवायची. आता निवांत बसून पाहिजे ते घेते, परवा पहिल्यांदा स्वतःसाठी आंबे घेतले. जवळच्या इंडियन स्टोअरमध्ये काउंटरवर ईबीटी घेतात पण ऑनलाइन नाही, त्यामुळे ज्वारीच्या पिठासाठी रविवारी तिला गाडीतून नेते.