नेक्रोफेजिस्टचा ‘एपिटाफ’: काही महिने सतत ऐकल्यानंतर

आधीच सांगून ठेवतो, नेक्रोफेजिस्ट या डेथ मेटल बँडचा ‘एपिटाफ’ पहिल्या आठवड्यात आवडला तर ती आवड कच्ची समजा. तेव्हा कानावर येतो तो नुसता वेग. आठ गाणी, जेमतेम 33 मिनिटं, आणि मध्ये कुठे टेकायला जागा नाही. मी हा अल्बम पावसाळ्याच्या तोंडावर घेतला. आता थंडी पडायला लागली तरी ऑफिसला जाता-येता तोच चालू आहे. वेगाचं अप्रूप केव्हाच ओसरलं, पण गाण्यांची बांधणी अजून पुरती हाती लागलेली नाही.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. जर्मन मेटल म्हटलं की आपण क्रिएटर, सोडम, डिस्ट्रक्शन ही थ्रॅशची, म्हणजे मेटलच्या वेगवान प्रकारातली, मंडळी आठवतो. डेथ मेटलसाठी, म्हणजे त्याहून जड, गुरगुरत्या आवाजाच्या प्रकारासाठी, बोट फ्लोरिडाकडे नाहीतर स्वीडनकडे जातं. नेक्रोफेजिस्ट मात्र कार्ल्सरूहेचा. 1992 मध्ये मुहम्मद सुइचमेझ या तुर्की वंशाच्या गिटारिस्टने तो उभा केला. बाकीची माणसं येत-जात राहिली. गायक तोच, मुख्य गिटारिस्ट तोच, गाण्यांचा कर्ताकरविताही तोच. त्यामुळे ‘बँड’ हा शब्द इथे जरा सैलच वापरावा लागतो.

पहिला अल्बम ‘ऑनसेट ऑफ प्युट्रीफॅक्शन’ 1999 चा. तो जवळजवळ त्याने एकट्याने केलाय, आणि ड्रम तर माणसाने वाजवलेलेच नाहीत, कॉम्प्युटरवर प्रोग्राम केलेले आहेत. ‘एपिटाफ’ घेणाऱ्याने हाही ऐकावाच. दोन्ही लागोपाठ लावले की फरक लगेच कळतो. पहिल्यात रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे, भन्नाट आहेत, पण खालचा ठेका घड्याळासारखा टकटकतो. कुठे रेटा नाही, कुठे ढील नाही. ‘एपिटाफ’मध्ये हानेस ग्रोसमान ड्रमवर आला आणि त्याच जातीच्या रिफना अंग आलं. ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमचा अखंड सुसाट मारा, चालू असतानाही झांजांवर त्याचं काहीतरी बारीक काम चाललेलं असतं. ते फोनच्या स्पीकरवर कधीच ऐकू येणार नाही, हेडफोन हवाच.

2004 च्या या दुसऱ्या अल्बमवर सुइचमेझसोबत दुसऱ्या गिटारवर क्रिस्टियान म्युंझनर आणि बेसवर श्टेफान फिमर्स आहे. प्रकाशक अमेरिकेतली रिलॅप्स कंपनी.

आता शैलीबद्दल. टेक्निकल डेथ मेटल म्हणजे बोटांची सर्कस, असा एक समज आहे आणि तो बऱ्याच बँडांनी खराही करून दाखवलाय. इथे स्वीप पिकिंग (एका झटक्यात अनेक तारांवरून सूर काढणं) आहे, अवघड मोजणी आहे, सगळं आहे. पण सोलो हा गाण्याचा भाग म्हणून येतो, गाणं थांबवून नाही. मी गिटार वाजवतो, म्हणून ‘स्टॅबवूंड’ निम्म्या वेगावर लावून बसलो होतो. एवढं हळू केलं की बहुतेक मेटल रेकॉर्डिंगमध्ये चिखल ऐकू येतो. इथे प्रत्येक सूर सुटा राहतो, कारण डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारच्या आवाजाची खरखर, बेताचंच ठेवलंय. सगळ्या तारा एक स्वर खाली लावल्यात. आजच्या फॅशनच्या मानाने हे काहीच नाही, पण त्यामुळे खालच्या तारांवरचं कामही स्पष्ट राहतं. गाणं तीन मिनिटांच्या आत संपतं, पण त्यात रिफ किती आहेत हे मोजायचा नाद मी सोडून दिला. ज्यांचा कान तबल्यावर तयार झालाय त्यांना एक गंमत जास्त मिळेल: समेची वाट बघत बसावं आणि ती अर्धी मात्रा अलीकडेच येऊन जावी, असं इथे वारंवार होतं.

माझं सगळ्यात आवडतं ‘ओन्ली अॅश रिमेन्स’. त्यात रशियन संगीतकार प्रोकोफिएफच्या ‘रोमियो अँड ज्युलिएट’ बॅलेमधल्या सरदारांच्या नृत्याची धून येते. तीच, थबकत थबकत वर चढून पुन्हा खाली उतरणारी. ऑर्केस्ट्रात ती भारदस्त वाटते, इथे गिटारवर जवळजवळ कुत्सित वाटते. उसनी म्हणून ती वेगळी उठून दिसत नाही, हे विशेष. आजूबाजूचे रिफ त्याच मायनर (उदास स्वरांच्या) वळणाचे असल्याने ती आपसूक मिसळते.

तक्रारी आहेत. एक म्हणजे आवाज. सुइचमेझ खोल गुरगुरतो ते ठीक, पण पहिल्या गाण्यापासून आठव्यापर्यंत एकाच पट्टीत. गिटारवर इतकं बारकाईने काम करणाऱ्याने गळ्याकडे असं दुर्लक्ष का करावं? दुसरं म्हणजे निर्मिती फार स्वच्छ, जवळजवळ दवाखान्यासारखी. ज्यांना डेथ मेटलमध्ये जुनाट, कुबट वास हवा असतो त्यांनी जर्मनीतलाच मॉरगॉथ ऐकावा, 1991 चा ‘कर्स्ड’. तो या अल्बमच्या बरोबर उलट्या टोकाला आहे. शब्दांचं म्हणाल तर पहिल्या अल्बममध्ये सडकी प्रेतं आणि शवविच्छेदन यांची रेलचेल होती, गाण्यांची नावं घरात मोठ्याने वाचण्यासारखी नाहीत. ‘एपिटाफ’मध्ये ते बरंच निवळलंय. अर्थात, शब्द समोर घेऊन बसल्याशिवाय एक अक्षर कळत नाही, तेव्हा हा मुद्दा गौणच.

सगळ्यात मोठी तक्रार अल्बमबद्दल नाही, पुढच्याबद्दल आहे. फिनलंडचा सामी राटिकाइनेन गिटारवर आला, ड्रमवर मार्को मिनेमान आणि मग फ्रान्सचा रोमें गुलों आला, दौरे झाले, पण तिसरा अल्बम आलाच नाही. ग्रोसमान आणि म्युंझनर ऑब्स्क्युरा या दुसऱ्या बँडात गेले आणि 2009 मध्ये त्यांच्या ‘कॉस्मोजेनेसिस’वर दिसले. हीच चव थोडी जास्त सुरेल हवी असेल तर पुढची खरेदी ती करा. तिथे फ्रेटलेस (मानेवर पट्ट्या नसलेला) बेस आहे, आणि ‘एपिटाफ’मध्ये बेसची जी उणीव भासते ती तिथे भरून निघते.

‘ऑनसेट’ घेताना मात्र 1999 ची आवृत्ती की 2004 ची, ते बघून घ्या. नंतरच्या आवृत्तीत ड्रमचे आवाज बदललेत. ठेका प्रोग्रामचाच आहे, पण कानाला तेवढा टोचत नाही. आधी ‘एपिटाफ’ ऐकलेल्यांनी तीच घ्यावी.