गाडीखर्चाची वजावट: मैलाचा दर की प्रत्यक्ष खर्च?

न्यू जर्सीत माझी मावसबहीण घरून डोहाळजेवण-बारशांच्या सजावटीचं काम करते. अमेरिकेच्या आयकरात कामाच्या गाडीखर्चाची वजावट कशी घ्यावी, यावर ती अडकली होती.

कर खात्याने ठरवलेल्या मैलाच्या दरात हिशेब सरळ. २०२५ साठी मैलामागे ७० सेंट. कामाचे ६,००० मैल झाले, तर ४,२०० डॉलर. पेट्रोल, विमा, दुरुस्ती, घसारा (वापराने गाडीची घटणारी किंमत) सगळं त्यातच आलं. प्रत्यक्ष खर्चाच्या पद्धतीत हे सगळं वेगवेगळं मांडून कामाचा हिस्सा काढायचा. वर्षाचा खर्च ७,००० आणि निम्मा वापर कामाचा, तर ३,५००.

कष्ट कशात जास्त? प्रत्यक्ष खर्चात, कारण पावत्याही जपाव्या लागतात. पण तारीख, ठिकाण, कारण आणि मैल यांची वही दोन्हीकडे लागतेच! ती रोजच्या रोज लिहा, कर भरायच्या वेळी मार्चमध्ये आठवून नव्हे. टोल आणि कामासाठीचं पार्किंग दोन्हीत वेगळं मिळतं.

खरी मेख पहिल्या वर्षात आहे. स्वतःच्या गाडीला पहिल्या वर्षी मैलाचा दर घेतला, तर पुढे प्रत्यक्ष खर्चाकडे वळता येतं. उलट दिशेने बहुधा नाही. लीजच्या, म्हणजे भाडेकराराने घेतलेल्या गाडीला एकदा हा दर घेतला, की लीज संपेपर्यंत तोच.

आणि घर हेच कामाचं मुख्य ठिकाण ठरत असेल, तरच साधारणपणे घरापासूनचे मैल धरता येतात.

जुनी, कमी पेट्रोल खाणारी गाडी आणि भरपूर फिरणं असेल, तर मैलाचा दर घ्या. बहिणीलाही तोच सांगितला. महागडी व्हॅन, मोठा विमा आणि मैल कमी, तर प्रत्यक्ष खर्च.