महात्मा फुले योजनेत बाबांची अँजिओप्लास्टी झाली त्याचा रिव्ह्यू, आणि त्याआधीच्या ८६,४०० च्या बिलाचा पण

रिव्ह्यू योजनेचा आहे पण सुरुवात दुसऱ्याच दवाखान्यापासून करतो, कारण योजना काय चीज आहे (राज्य सरकारची, यादीतल्या दवाखान्यात फुकट उपचार देणारी) हे आम्हाला ते बिल हातात पडल्यावर समजलं. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, कास्तकारी आहे, दोन म्हशी आहेत. २०२४ चा नोव्हेंबर, कापसाचा वेचा सुरू होता, आणि गुरुवारी संध्याकाळी बाबा वावरातून आले ते छाती धरूनच. आधी गॅस असंल म्हणून सोडा प्यायला दिला, अर्धा तास त्यातच गेला. मग घामानं बंडी ओली झाली तेव्हा १०८ ला फोन लावला, गाडी आली, ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढला आणि डॉक्टर म्हणाले अटॅक आहे, लगेच जिल्ह्याला न्या. इथपर्यंत एक रुपया लागला नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यात, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, तपासणी-उपचार फुकट आहेत, केस पेपरचे पण पैसे नाहीत, हे अजून गावात बऱ्याच जणांना माहीत नाही म्हणून लिहून ठेवतो.

पुढं चूक आमची झाली. घाईत कोणी म्हणालं सरकारीत नका नेऊ, अमुक खाजगी दवाखाना चांगला आहे, आणि आम्ही रात्री ११ वाजता तिथं नेलं. (नाव लिहीत नाही, डॉक्टरनं जीव वाचवला हे पण खरं आहे, त्या माणसाबद्दल माझी काहीच तक्रार नाही.) काऊंटरवर पहिले ३० हजार डिपॉझिट. घरात तेवढे नव्हते, रात्रीच चुलतभावाकडून घेतले आणि दुसऱ्या दिवशी पाच क्विंटल कापूस खेडा खरेदीवाल्याला ६,६०० नं देऊन टाकला, तेव्हा लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ होता, म्हणजे क्विंटलमागं नऊशेच्या वर तिथंच गेले. दवाखान्याचं बिल मोजताना हे कोणी धरत नाही पण आमच्यासाठी ते बिलच होतं.

शुक्रवारी अँजिओग्राफी (हृदयाच्या नसांची तपासणी) झाली, एक नस ९० टक्के बंद, अँजिओप्लास्टी करून स्टेंट, म्हणजे नस उघडी ठेवायची जाळी, टाकावा लागते, १ लाख ८० हजार सांगितले. तेव्हा मी विचारलं, साहेब महात्मा फुले योजना आहे ना? ते म्हणाले आमच्याकडं नाही चालत. बस, एवढंच. हा प्रश्न मी गुरुवारी रात्री ११ वाजता विचारायला पाहिजे होता, डिपॉझिटची पावती फाडायच्या आधी. पेशंटची हालत पाहून डोकं चालत नाही हे मान्य, पण मग घरातल्या एका माणसाचं कामच ते ठेवा, एकजण पेशंटजवळ आणि एकजण फक्त हे विचारायला.

शनिवारी सकाळी मी म्हटलं योजनेतल्या दवाखान्यात नेतो, सुट्टी द्या. बिल आलं ८६,४००. एक पान, त्यात सहा ओळी: आयसीयू, डॉक्टर व्हिजिट, औषधी, तपासणी, अँजिओ, इतर. आता यात समजायचं काय. मी म्हटलं आयटमवाईज बिल द्या. काऊंटरवरची मुलगी म्हणाली सगळं बरोबरच आहे, भाऊ, सिस्टीममधून येते. मी परत म्हटलं, ताई सिस्टीममधूनच द्या पण एकेक वस्तू लिहिलेलं द्या. तपशीलवार बिल मागणं हा पेशंटचा हक्क आहे, आणि बिलाचा वाद असला तरी पेशंटला किंवा मयताला अडवून ठेवता येत नाही हे पण रुग्णहक्कांच्या सनदेत आहे. ती सनद आणि १५ प्रकारच्या सेवांचे दर दवाखान्यात दिसंल असे लावायचे असा महाराष्ट्राचा २०२१ चा नियम आहे, तुम्ही कुठंही गेले तर भिंतीवर पाहा. मला भांडायचं नव्हतं, आवाज चढवला नाही, फक्त तिथंच उभा राहिलो. पाऊण तासानं नऊ पानं मिळाली.

आणि इथं माझ्या बायकोची वही कामी आली. आमची दुधाच्या हिशोबाची वही असते, तारीख, सकाळ-संध्याकाळ लिटर, फॅट. ती तिच्या पिशवीत होती, आणि शुक्रवारी सकाळपासून ती मागच्या पानावर लिहून राहिली होती, तिला कोणी सांगितलं नव्हतं. ‘९ वाजता नाकाची नळी काढली.’ ‘११ला पोटात सुई.’ ‘मेडिकलमधून पिशवी आणली ३,१४०.’ असं. आम्ही दोघं आयसीयूच्या बाहेर फरशीवर बसलो, मी बिल वाचायचो आणि ती वहीवर बोट ठेवायची. बिलात ऑक्सिजन धरला होता ३६ तास, वहीत नळी दुसऱ्या दिवशी सकाळी ९ला निघाली, म्हणजे झाले १० तास. तासाचे १५० प्रमाणे ३,९०० जास्तीचे. पोटातल्या सुया बिलात सहा, वहीत चार, ते ९६०. वाफ द्यायचा मास्क आणि मशीनचे १,२४०, बाबाला वाफ कोणी दिलीच नाही. आयसीयूचे दिवस धरले तीन, गुरुवार रात्री ११ ते शनिवार दुपार, गुरुवारच्या एका तासाचा पण पूर्ण दिवस, ६,५०० चा. आणि मेडिकलमधून आणलेल्या औषधीतल्या न फोडलेल्या वस्तू खाटेखालच्या पिशवीत तशाच पडल्या होत्या, त्या परत केल्या तर २,३१० निघाले. न वापरलेली औषधी परत द्यायची असते हे बऱ्याच लोकांना माहीतच नाही, लोक ती पिशवी घरी घेऊन जातात आणि आलमारीत ठेवतात.

वही घेऊन मॅनेजरकडं गेलो. मला वाटलं तो उडवून लावंल, पण त्यानं नर्सिंगची फाईल मागवली, फाईलीत पण नळी काढायची वेळ ९:१०च होती. सगळे १४,९१० कमी झाले. बिल ७१,४९०. तो म्हणाला चुकून लागलं असंल, आणि मी ते मानतो, कारण ऑक्सिजन बंद केला तर कॉम्प्युटरवर पण कोणीतरी बंद करावा लागते. पण ती चूक पकडायचं काम पेशंटच्या घरच्यांवरच येते. आणखी एक, औषधी दवाखान्यातल्याच मेडिकलमधून घ्यायची अशी जबरदस्ती करता येत नाही, चिठ्ठी घेऊन बाहेरून आणू शकता, आयसीयूत घाई असते म्हणून आम्ही नाही आणली, पण साध्या वॉर्डात असाल तर एकदा बाहेर भाव विचाराच.

आता योजना. मी १५५३८८ वर फोन केला (१८००२३३२२०० हा पण चालतो, दोन्ही टोल फ्री), त्यांनी यादीतला हृदयाचं काम करणारा दवाखाना सांगितला, दीड-दोन तासाच्या अंतरावरचा. तिथं गेल्यावर कॅश काऊंटरकडं गेलोच नाही, आत शिरल्या शिरल्या आरोग्यमित्राचा, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाचा, टेबल विचारला. योजनेच्या प्रत्येक दवाखान्यात हा टेबल असतो. पंचविशीतला पोरगा होता, बाबाला बाबाजी म्हणे, मला दादा. त्यानं आधार मागितलं आणि रेशन कार्ड, रेशन कार्डाचा १२ अंकी ऑनलाईन नंबर. आमचं कार्ड केशरी. पण आता रंगाचं काही नाही, पिवळं केशरी पांढरं कोणतंही चालते, १ जुलै २०२४ पासून सगळ्या रेशन कार्डवाल्यांना वर्षाला कुटुंबामागं ५ लाखापर्यंत. आधी दीड लाख होते. आमच्या इकडच्या कास्तकारांना तर पांढऱ्या कार्डावर पण सातबारा दाखवून आधीपासूनच मिळत होतं, ज्या १४ जिल्ह्यांतल्या कास्तकारांना ही सवलत होती त्यांत अमरावती विभागातले पाचही जिल्हे आणि वर्धा होते. २०१२ ला ही राजीव गांधी जीवनदायी नावानं सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती आणि गडचिरोली होते. म्हणजे योजना आमच्या उंबरठ्यावर इतकी वर्षं उभी आणि आम्हाला फक्त बसस्टँडवरचा बोर्ड माहीत.

अडलं एका जागी. आधारवर बाबाच्या नावापुढं ‘राव’ आहे, रेशन कार्डावर नाही. मला वाटलं झालं, आता तहसीलला पळा. पण त्या पोरानं सांगितलं, दादा पेशंट इमर्जन्सीत आहे, भरती करून घेऊ, कागद तुम्ही मागून द्या. लहान भावानं गावातून आणखी एक ओळखपत्र आणलं, ते जोडलं. दुपारी ४ ला अर्ज ऑनलाईन चढला, रात्री मंजुरी आली, रविवारी स्टेंट पडला. तरी माझं सांगणं आहे की घरातल्या प्रत्येकाचं आधार आणि रेशन कार्ड आजच शेजारी ठेवून पाहा, नाव जुळते का, आणि कार्ड ऑनलाईन आहे का. सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरून काढून इकडं चढवलं का. हे काम ठणठणीत असताना होते, छाती धरून बसल्यावर नाही.

स्टेंट कोणता टाकला हे मी विचारलं, औषधवाला (औषधाचा लेप असलेला) स्टेंट होता, त्याचं स्टिकर डिस्चार्ज कार्डावर लावून दिलं. माहितीसाठी, स्टेंटच्या किमतीवर सरकारची मर्यादा आहे, फेब्रुवारी २०१७ पासून, तेव्हा औषधवाल्या स्टेंटची २९,६०० ठरवली होती आणि ती वेळोवेळी बदलते. त्यामुळं कोणी नुसता स्टेंटच लाखाचा सांगत असंल तर स्टिकर आणि बिलात स्टेंटची वेगळी ओळ मागा.

एक वेळ तिथं पण आली की वॉर्डातून भावाला एक इंजेक्शन बाहेरून आणायला लावलं, ६२० रुपये. त्यानं आणलं, पावती घेतली. मी ती पावती आरोग्यमित्राला दाखवली, त्यानं कोणाला तरी फोन केला आणि संध्याकाळी ६२० परत मिळाले. योजनेत भरती झाल्यावर पेशंटच्या तपासण्या, औषधी, जेवण सगळं पॅकेजमध्ये येते, म्हणून कोणी बाहेरून आणायला सांगितलं तर पावती फेकू नका. सुट्टीच्या दिवशी १० दिवसांच्या गोळ्या पण दिल्या. आमच्याकडून गेले ते आमच्या खाण्यापिण्याचे आणि ऑटोचे. बिलाच्या जागी एक कागद वाचून सही करायला दिला, तो मी वाचला, तुम्ही पण वाचा, कारण त्याच्यावर योजनेनं तुमच्या नावावर किती खर्च केला हे असते आणि तेवढे तुमच्या ५ लाखातून त्या वर्षापुरते कमी होतात.

दहा दिवसानंतरच्या गोळ्यांचा खर्च मात्र कायमचा आहे. रक्त पातळ करायच्या दोन, कोलेस्टेरॉलची, बीपीची. पहिल्या महिन्यात नेहमीच्या मेडिकलमधून आणल्या, १,६४० झाले. मग डॉक्टरला विचारूनच जनऔषधी केंद्रातून घेतल्या, त्याच औषधाच्या, ३९० ला. ब्रँडचं नाव न पाहता पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम जुळवायचे, मी चिठ्ठीच्या मागं तेच लिहून नेतो. महिना संपायच्या आठ दिवस आधी जातो म्हणजे खाडा पडत नाही, रक्त पातळ करायची गोळी एक दिवसही चुकवू नका असं डॉक्टरनं बजावलं आहे.

ज्यांच्याकडं खाजगी मेडिक्लेम आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. माझ्या साळ्याची ३ लाखाची पॉलिसी, खोलीची मर्यादा एक टक्का म्हणजे दिवसाला ३,०००. त्यानं ६,००० ची खोली घेतली, त्याला वाटलं वरचे तीन हजार आपण भरू. तसं नाही होत. डॉक्टरची फी, ऑपरेशन, नर्सिंग सगळ्याला त्याच हिशोबानं अर्धी कात्री लागली, औषधी आणि तपासण्या तेवढ्या वाचल्या. भरती व्हायच्या आधी पॉलिसीत खोलीभाड्याची ओळ पाहून घ्या.

योजनेला माझ्याकडून पाचपैकी पाच. त्या पोराला तर सहा दिले असते. बाबा आता सकाळ-संध्याकाळ पांदणीनं फिरून येतात, वजन उचलू देत नाही आम्ही.

पहिल्या दवाखान्याचे ७१,४९० योजनेतून परत मिळतात का हे मी आरोग्यमित्राला विचारलं होतं. नाही मिळत, योजना कॅशलेस आहे, यादीबाहेरच्या दवाखान्यात आधी भरलेल्या पैशाची भरपाई त्यात नाही. ३० हजार कापसातून निघाले, ४० हजार बायकोनं बचत गटातून उचलले, वरचे खिशातून. गटाचे दोन हप्ते अजून राहिले आहेत, त्याच दुधाच्या वहीत, सुयांच्या हिशोबाच्या पुढच्या पानावर लिहून ठेवलेत.