डोमेन प्रायव्हसीला वेगळे पैसे द्यायचे का? आमच्या बचत गटाचा वापरानंतरचा अनुभव

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात आमचा महिला बचत गट आहे. आम्ही वायगावची हळद दळून, पाकिटं भरून विकतो. या हळदीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे पुण्या-मुंबईची गिऱ्हाईकं नाव शोधत येतात. त्यांच्यासाठी वेबसाईट हवी होती म्हणून एक .कॉम आणि एक .इन अशी दोन डोमेनं, म्हणजे वेबसाईटची नावं घेतली. सचिव मी, त्यामुळे .कॉमच्या नोंदणीत नाव, घरचा पत्ता, ईमेल आणि मोबाईल नंबर माझाच गेला.

डोमेन घेताना किमतीची तुलना सगळेच करतात. प्रायव्हसीची, म्हणजे नोंदीतली आपली माहिती झाकून घेण्याची, कोणी करत नाही, आणि बायकांच्या गटासाठी तर तोच खर्च आधी पाहायला हवा. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमची पहिली नोंदणी एका भारतीय कंपनीकडे होती. पहिल्या वर्षाचं .कॉम ऑफरमध्ये तीनशे रुपयांच्या आत मिळालं. पैसे भरायच्या पानावर प्रायव्हसीचा वेगळा चौकोन होता, वर्षाला ४९९ रुपये. डोमेनपेक्षा त्याचं झाकण महाग, म्हणून गटाच्या बैठकीत सगळ्यांनी तो खर्च नको म्हटलं. त्याच आठवड्यात फोन सुरू झाले. वेबसाईट बनवून देतो, गूगलवर पहिला नंबर आणून देतो, लोगो करून देतो. दिवसा आलेले फोन सहन होतात. पण नोंदीत बाईचं नाव दिसलं की काही जण रात्री दहानंतर नुसतं बोलायला फोन करतात. सासूबाई विचारायच्या, "काहून येते वं इतके फोन?" गावात या प्रश्नाचं उत्तर देणं किती अवघड असतं, हे बायकांना वेगळं सांगायला नको. दुसऱ्या डोमेनसाठी कोणाचं नाव द्यायचं असं विचारलं, तर एकही जण तयार होईना.

हे असं का होतं ते नीट समजून घेतलं. डोमेन कोणाचं आहे हे सांगणारी एक सार्वजनिक नोंद असते. वर्षानुवर्षं तिला हूइज म्हणत आले. २५ मे २०१८ पासून युरोपात जीडीपीआर हा खासगी माहिती जपणारा कायदा लागू झाला आणि डोमेनची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅनने तिथल्या लोकांची माहिती झाकणं भाग पाडलं. युरोपबाहेरच्यांची झाकायची की नाही, हे मात्र रजिस्ट्रारवर, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीवर सोडलं. त्यामुळे काही कंपन्या सगळ्या जगाची माहिती आपणहून झाकतात आणि काही तेच काम भारतीय गिऱ्हाइकाला विकतात. २८ जानेवारी २०२५ पासून .कॉमसारख्या डोमेनांसाठी हूइजऐवजी आरडॅप ही नोंद पाहण्याची नवी पद्धत आली, पण प्रश्न तोच राहिला.

वर्षभरानं नूतनीकरणाचं बिल आलं. डोमेन १,४९९, या वेळी प्रायव्हसी धरली तर ४९९, वर १८ टक्के जीएसटी. एकूण २,३५७ रुपये ६४ पैसे. आमच्यासाठी ही हळदीच्या कितीतरी पाकिटांची कमाई आहे. तेव्हा मी खरा भाव शोधायला बसले.

.कॉमची मूळ रजिस्ट्री, म्हणजे सगळ्या .कॉम नावांची नोंद सांभाळणारी कंपनी, व्हेरिसाइन आहे. १ सप्टेंबर २०२४ पासून तिचा घाऊक दर वर्षाला १०.२६ डॉलर झाला. त्यावर आयकॅनचं शुल्क १ जुलै २०२५ पासून २० सेंट. म्हणजे मी शोधलं तेव्हा कोणत्याही कंपनीला .कॉम पडत होतं १०.४६ डॉलरला. याच्या वर जे काही आहे तो तिचा नफा आणि सेवा. नोंदीतल्या नावाच्या जागी झाकल्याचा शिक्का मारायला रजिस्ट्रारला आयकॅनकडे किंवा व्हेरिसाइनकडे वेगळं काही भरावं लागत नाही. हे कळल्यावर ४९९ रुपये मला अजिबात पटले नाहीत, आजही पटत नाहीत.

प्रायव्हसी फुकट देणाऱ्यांत मी नेमचीप, पोर्कबन आणि क्लाउडफ्लेअर हे परदेशी रजिस्ट्रार पाहिले. झाकायच्या रीती दोन आहेत. नेमचीपकडे तुमच्या नावाच्या जागी आइसलंडमधल्या विथहेल्ड फॉर प्रायव्हसी या संस्थेचं नाव आणि पत्ता दिसतो. क्लाउडफ्लेअरकडे नाव-पत्ता-फोनच्या जागी माहिती झाकली आहे एवढंच दिसतं, राज्य आणि देश मात्र उघडे राहतात. नोंदीत "महाराष्ट्र, भारत" दिसलं तर मला काहीच अडचण नाही. उलट आमच्या हळदीला तेच शोभतं. शिवाय क्लाउडफ्लेअर .कॉम घाऊक भावात देतं आणि पहिल्या वर्षाची ऑफर नसल्यामुळे दुसऱ्या वर्षी धक्काही बसत नाही. आम्ही तिकडे गेलो.

डोमेन हलवणं फार अवघड नव्हतं. जुन्या कंपनीच्या खात्यात डोमेनचं कुलूप काढायचं, ऑथ कोड म्हणजे डोमेन हलवायचा सांकेतिक शब्द घ्यायचा, नव्या ठिकाणी तो टाकून पैसे भरायचे. जुनी कंपनी पाच दिवसांपर्यंत थांबवू शकते, आमच्या बाबतीत तिनं जवळपास तेवढं थांबवलंच. .कॉम हलवताना एक वर्षाची मुदत वाढून मिळते, त्यामुळे भरलेले पैसे नूतनीकरणाचेच ठरतात. मात्र नवं घेतलेलं डोमेन साठ दिवस हलवता येत नाही. मुदत संपायच्या चांगलं महिनाभर आधी हे काम काढा.

खरी अडचण पैसे भरताना आली. गटाच्या खात्याचं रुपे कार्ड परदेशी व्यवहाराला चालेना, यूपीआयची सोयच नव्हती. शेवटी वर्धेला राहणाऱ्या माझ्या भाच्याचं व्हिसा कार्ड वापरलं आणि गटाच्या वहीत त्याला परत दिल्याची नोंद केली. कर आणि बँकेचं परकीय चलनाचं शुल्क धरूनही एका वर्षाचं बाराशेच्या आत भागलं. आधीच्या बिलाच्या निम्म्यावर. पण ऑटो-रिन्यूवर, म्हणजे आपोआप होणाऱ्या नूतनीकरणावर विसंबू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप पैसे कापायला आधी मंजुरी लागते, आणि परदेशी कंपनीकडे ती अनेकदा अडते. म्हणून भाच्याला पुन्हा त्रास नको असं ठरवून आम्ही पुढच्या काही वर्षांचे पैसे एकदमच भरले. .कॉम एकूण दहा वर्षांपर्यंत घेऊन ठेवता येतं. क्लाउडफ्लेअरची एक अट आहे, डोमेन त्यांच्याच नेमसर्व्हरवर, म्हणजे डोमेन कोणत्या वेबसाईटकडे न्यायचं ते सांगणाऱ्या यंत्रणेवर ठेवावं लागतं. आमची वेबसाईट साधी आहे, त्यामुळे आम्हाला ती आड आली नाही. तुमच्या वेबसाईटवाल्याला मात्र आधी विचारा.

आता गेल्या काही महिन्यांबद्दल. नवे फोन खूप कमी झाले, पण थांबले नाहीत. हूइजची जुनी नोंद उतरवून साठवणाऱ्या कंपन्या आहेत, आणि एकदा उघड झालेला नंबर त्यांच्याकडून परत मिळत नाही. प्रायव्हसी नंतर घेऊन मागचं झाकलं जात नाही, हे मला अनुभवानं कळलं आणि याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं. ज्या गटानं अजून डोमेन घेतलं नाही, त्यांनी पहिल्या दिवसापासून झाकलेलीच नोंद घ्यावी. जमलं तर गटाच्या नावानं वेगळं सिमकार्ड ठेवावं.

गिऱ्हाइकाला संपर्क करता येणार नाही ही भीती खोटी निघाली. नोंद झाकलेली असली तरी रजिस्ट्रारला फॉर्म किंवा मध्यस्थ ईमेल ठेवावाच लागतो, तसा एक निरोप आम्हाला आलाही. पोलीस किंवा कोर्टानं विचारलं तर खरी माहिती कंपनीकडे असतेच. म्हणून खोटा नंबर भरायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पंधरा दिवसांत पडताळणी झाली नाही तर डोमेन बंद पडू शकतं.

.इनचं वेगळं आहे. त्याची रजिस्ट्री भारताची, निक्सी या संस्थेकडे. तिथे बहुतेक ठिकाणी प्रायव्हसी विकतच नाहीत, आणि गरजही कमी, कारण सार्वजनिक नोंदीत नाव, फोन, ईमेल झाकलेले असतात. संस्थेचं नाव, राज्य आणि देश तेवढे दिसतात. त्यामुळे संस्थेच्या रकान्यात स्वतःचं नाव अजिबात लिहू नका, गटाचंच लिहा. आम्ही तसंच केलं. नोंदणी झाल्यावर आयकॅनच्या नोंद शोधायच्या (लुकअप) पानावर आमचं .कॉम आणि निक्सीच्या पानावर .इन टाकून बैठकीत सगळ्या जणींना मोबाईलवर दाखवलं. त्यानंतर पुढच्या डोमेनसाठी दोघी जणींनी आपलं नाव दिलं आहे.