ज्युदोवाल्याचा खांदा आणि कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं फिजिओथेरपी केंद्र

पाच महिने आठवड्यातून दोनदा इथे येतोय. ज्युदो, कराटे किंवा कुस्ती करणाऱ्या आणि सध्या खांदा धरून बसलेल्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं वय 44. शाळेत असताना चार वर्षं तालमीत होतो, मग ज्युदोकडे वळलो. गेली 26 वर्षं मॅटवर आहे, आता पोरांना शिकवतो. माझा हुकमी डाव सेओई-नागे. समोरच्याच्या काखेखाली शिरायचं, त्याला पाठीवर घ्यायचं आणि खांद्यावरून पुढे टाकायचं. आपल्या धोबीपछाडचा सख्खा भाऊ म्हणा. सरावात हा डाव रोज शंभर-दीडशे वेळा व्हायचा, तोही कायम उजव्याच अंगाने. खांदा कुरकुरायला लागून तीन वर्षं झाली होती, पण तेल चोळलं, शेक घेतला की दिवस निघायचा. मागच्या पावसाळ्यात सराव करताना एका तरण्या पोराने मला उचललं. पाठ टेकू नये म्हणून मी हवेतच अंग वळवलं आणि थेट खांद्याच्या टोकावर आलो. त्यानंतर रोज रात्री दोन-अडीचला ठणका लागून जाग यायची. शर्टाच्या बाहीत हात घालताना, मागच्या खिशातलं पाकीट काढताना कळ यायची. घरी काही बोललो नव्हतो. बायकोने एक दिवस मला शर्ट घालताना पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं.

इथे येण्याआधी दुसरीकडे दहा वेळा मशीनचा शेक घेतला. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. मग खांद्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन झालं आणि महिनाभर दुखणं पार गेलं. मला वाटलं, बरा झालो. लगेच मॅटवर उतरलो आणि दुसऱ्या आठवड्यात पहिल्यापेक्षा वाईट अवस्था झाली. इंजेक्शनने सूज आणि वेदना उतरते, पण कमजोर झालेला स्नायू त्याने ताकदवान होत नाही, हे मला तेव्हा कुणी समजावलं नव्हतं. उलट "आता वय झालं, ज्युदो सोडा" असं ऐकायला मिळालं. त्या रात्री मी जेवलो नाही.

इथल्या मॅडमनी पहिल्या दिवशी सव्वा तास दिला. एमआरआयची फाईल बाजूला ठेवून त्यांनी आधी हात बघितला. हात बाजूने वर नेताना अर्ध्या वाटेवर दुखायचं, पूर्ण वर गेला की थांबायचं, ते त्यांनी नीट लिहून घेतलं. मग हातात धरायच्या एका छोट्या यंत्रावर मनगटाने बाहेरच्या बाजूला जोर लावायला सांगितला. डावा हात 14 किलो, उजवा 9. ज्या हाताच्या जोरावर मी इतकी वर्षं लोकांना उचलून टाकलं, तोच डाव्यापेक्षा दुबळा निघाला. आकडा बघून मी गप्पच झालो.

त्यांनी समजावलं ते मला पटलं. खांद्याची खोबणी फार उथळ असते, छोट्या बशीवर मोसंबं ठेवल्यासारखी. म्हणून तर हात चहूकडे फिरतो. पण ते मोसंबं बशीच्या मध्यावर धरून ठेवायचं काम चार लहान स्नायूंचं. आपण जोर मारून, ओढून, पकड करून छाती आणि पाठ दणकट करतो. हे चार मागे राहतात. माझ्या रिपोर्टमध्ये त्यातल्या सुप्रास्पायनॅटसला अर्धवट फाट होती. त्यावर त्या म्हणाल्या, "सर, चाळिशीनंतर अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयमध्येही अशी फाट दिसते. आपण फोटोवर नाही, हातावर उपचार करायचे."

तिसऱ्या वेळी त्यांनी मला गी, म्हणजे ज्युदोचा पोशाख, घेऊन बोलावलं. हे मी कुठल्याच दवाखान्यात पाहिलं नव्हतं. भिंतीच्या कड्याला रबरी पट्टी बांधून मला सेओई-नागेचा नुसता प्रवेश करायला लावला, मोबाईलवर बाजूने चित्रण केलं आणि हळू करून दाखवलं. मी पूर्ण आत शिरतच नव्हतो. पाय अर्धा फूट मागे राहत होते, त्यामुळे कंबर समोरच्याच्या खाली जात नव्हती आणि जे वजन मांड्यांनी उचलायचं ते खांदा उचलत होता. गुडघे जड झाल्यापासून ही सवय लागली असणार. पोरांना हीच चूक रोज ओरडून सांगणारा मी, स्वतःची मला दिसली नव्हती.

व्यायाम साधेच होते. पहिले पंधरा दिवस कोपर आणि बरगड्यांमध्ये टॉवेलची गुंडाळी धरायची आणि हाताच्या पाठीने दाराची चौकट ढकलायची, 45 सेकंद, पाच वेळा. हात हलवायचाच नाही. नंतर रबरी पट्ट्या: पिवळी, लाल, हिरवी, पुढची आधीपेक्षा कडक. सोबत पालथं झोपून हात वर उचलणं आणि पाठीचा वरचा भाग मोकळा करणं. नियम एकच. दुखणं दहापैकी तीन-चारपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर व्यायामाचा जोर कमी करायचा. आठव्या आठवड्यात रात्रीचा ठणका थांबला. बाराव्या आठवड्यात गुडघ्यावर बसून पडण्याचा सराव सुरू झाला, मग उकिडवं, मग उभ्याने. तालमीतला मुद्गल अजून घरी आहे, असं मी बोलून गेलो, तर त्यांनी तोही व्यायामात घेतला, एकदम हलक्या फेऱ्यांपासून. त्या दिवशी मुद्गल पुसायला घेतला तेव्हा हात थरथरत होते. मागच्या मोजणीत उजवा हात 13 किलोपर्यंत आलाय आणि तीन आठवड्यांपासून मी रँडोरी, म्हणजे सरावाची मोकळी झुंज, खेळतोय, सध्या फक्त ओळखीच्या जोडीदारांबरोबर.

आता खटकणाऱ्या गोष्टी. मॅडम खेळाडूंच्या शिबिरांना बाहेरगावी जातात, त्या दिवशी सहायक खांद्याला नुसतं अल्ट्रासाउंडच्या उपचाराचं मशीन लावून मोकळा होतो. असे माझे तीन दिवस वाया गेले. फोन करून विचारल्याशिवाय जाऊ नका. संध्याकाळी सहानंतर इतकी गर्दी असते की पट्टीचा व्यायाम चुकतोय का, हे बघायला कुणी नसतं. व्यायामांचा कागद फक्त इंग्रजीत मिळतो. माझ्याकडच्या गावाकडून येणाऱ्या मुलांना तो वाचता येत नाही, हे मी दोनदा सांगितलंय. पट्ट्या जुन्या आहेत. एक माझ्या हातात तुटली, गालावर वळ उठला, डोळा वाचला. पट्ट्या लवकर बदला, ही कळकळीची विनंती.

पहिल्या तपासणीचे 800 आणि नंतर दर वेळी 500 रुपये. शिकणाऱ्या खेळाडूंना सवलत मिळते, मागावी लागते.

एक गोष्ट तालमीतल्या आणि क्लासमधल्या मंडळींसाठी. खांदा निखळला असेल तर इथे आणू नका आणि आपल्या आपण ओढून बसवू तर मुळीच नका. नस किंवा हाड दुखावू शकतं. आधी अस्थिरोगतज्ज्ञ, एक्स-रे, मग फिजिओथेरपी. माझ्याकडच्या 17 वर्षांच्या एका पोराचा खांदा स्पर्धेत निखळला, त्याने दोन दिवस कुणाला सांगितलं नाही, कारण पुढच्या आठवड्यात निवड चाचणी होती. या वयात एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याची भीती फार मोठी असते. त्याचाही तसाच पुन्हा निखळला. शेवटी शस्त्रक्रिया झाली आणि आता तोही इथेच येतोय, मंगळवारी आणि शुक्रवारी, माझ्या शेजारच्या गादीवर. परवा त्याने लाल पट्टी सोडून हिरवी घेतली.

जाणार असाल तर सकाळी साडेसात ते नऊची वेळ मागा. मॅडम स्वतः असतात. गी किंवा कुस्तीची लांग बरोबर न्या, आणि सरावाचं मोबाईलवरचं चित्रण असेल तर तेही.