घरपट्टी माफ करणारा की ड्रेनेजचं बोलणारा? मत देण्याआधी दोघांना शेजारी ठेवून

१५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांचं मतदान झालं, त्याच्या आधी लिहिलेलं हे टिपण. मुंबई-पुण्यात मार्च २०२२ पासून तोवर नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती होता. त्यामुळे त्या वेळी दारावर येणाऱ्यांचा उत्साह दांडगा होता. पत्रकं वाचली की पक्ष कुठलाही असो, ढोबळमानाने दोन प्रकारचे उमेदवार दिसतात. एक म्हणतो, घरपट्टी माफ करून देतो. दुसरा म्हणतो, पाणी, कचरा, ड्रेनेज मार्गी लावतो. आमच्या सोसायटीत आठ दिवस हाच वाद चालला होता.

आधी माफीवाला. त्याचं ऐकताना घरपट्टीचं बिल हातात ठेवा. त्यात एकच रक्कम नसते, ओळी असतात: सर्वसाधारण कर, मलनिस्सारण, अग्निशमन, वृक्षकर, शिक्षण कर वगैरे. यातला राज्याचा शिक्षण कर महापालिका फक्त गोळा करते, तो जातो सरकारी तिजोरीत. नगरसेवक तो माफ करूच शकत नाही. मुंबईकरांनी हा अनुभव घेतलाय. २०१९ मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफी मिळाली, पण ती फक्त सर्वसाधारण कराची. बिलातल्या बाकीच्या ओळी तशाच राहिल्या. पूर्ण माफी लागू झाली १ जानेवारी २०२२ पासून, आणि तीही राज्य सरकारने निर्णय घेतल्यावर. म्हणून ‘घरपट्टी माफ’ असं कुणी म्हणालं की त्याला विचारा, यातली कुठली ओळ?

पुण्याची गोष्ट आणखी बोलकी आहे. मालक स्वतः राहत असेल तर ४० टक्के सवलत, हे तिथे १९७० पासून चालत आलेलं. पुढे तिच्या कायदेशीर आधारावरच आक्षेप आला, सवलत थांबली आणि लोकांच्या हातात फरकाची बिलं पडली. २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने ती पुन्हा चालू केली. त्यासाठीही कितीतरी जणांना ‘पीटी-३’ अर्ज भरून, पुरावे जोडून, मी याच घरात राहतो हे दाखवावं लागलं. सभागृहात हात वर झाले म्हणजे सवलत पक्की झाली, असं होत नाही. उमेदवाराला मंत्रालयापर्यंतचा रस्ता ठाऊक आहे का, हे बघा.

नगरसेवकांच्या हातात काय आहे? मुंबई वगळता बाकीच्या महापालिका १९४९ च्या अधिनियमाखाली चालतात, आणि त्यात पुढच्या वर्षाचे करांचे दर २० फेब्रुवारीच्या आत ठरवायचे असतात. दर वाढवायचा प्रस्ताव प्रशासनाकडून आला तर तो फेटाळणं सभागृहाला जमतं. ‘दरवाढ होऊ देणार नाही’ हे वचन म्हणूनच मला ‘माफ करतो’पेक्षा कितीतरी जास्त खरं वाटतं.

माफीवाल्याला मी उडवून लावत नाही. पुण्याच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. तिथल्या लोकांची तक्रार रास्त आहे: बिल शहराचं, पाणी टँकरचं. फुरसुंगी आणि उरुळी देवाची तर महापालिकेतून बाहेर पडली, आता त्यांची स्वतंत्र नगरपरिषद आहे. जिथे सेवा पोचलेलीच नाही तिथे ‘आधी पाणी द्या, मग पट्टी मागा’ म्हणणारा माणूस सभागृहात हवाच.

पण जिथे पाणी, ड्रेनेज, घंटागाडी आहे आणि नीट चालत नाही, तिथे पैशाचा प्रश्न येतो. जकात गेली. मुंबईत ती सगळ्यात शेवटी, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा संपली. तिच्या बदल्यात राज्याकडून भरपाई येते. महापालिकेला स्वतः वसूल करता येईल असा मोठा कर आता मुख्यतः घरपट्टीच. ती सोडायची तर दुरुस्तीचा पैसा कुठून आणणार, हे माफीवाल्याने सांगायला हवं. आमच्याकडे आलेल्या एकानेही सांगितलं नाही.

आता दुसरा, कामं करतो म्हणणारा. त्यालाही तपासून घ्या, कारण अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे असतात, नगरसेवकाकडे नाहीत. नगरसेवक अंदाजपत्रकात तरतूद करून घेऊ शकतो, स्थायी समितीत निविदा अडवू किंवा पुढे नेऊ शकतो, महासभेत प्रश्न विचारू शकतो आणि क्षेत्रीय कार्यालयात खेटे घालू शकतो. हे मनापासून करणारा माणूस प्रभागाचं रूप पालटू शकतो. न करणारा बाक बसवतो.

आमच्या गल्लीत पेव्हर ब्लॉक तीनदा बदलले. खालची ड्रेनेजची लाइन मात्र इथे बैठी घरं होती तेव्हाची, आणि आता वर सात मजली इमारती आहेत. पहिल्या मोठ्या पावसाला चेंबरचं झाकण उचललं जातं आणि काळं पाणी जिन्याच्या पहिल्या पायरीला लागतं. तळमजल्यावरच्या आजी उंबऱ्याशी गोणपाट लावून बसतात. तिन्ही वेळा ब्लॉकचं उद्घाटन झालं, फलक लागला. जमिनीखालच्या पाइपवर नाव घालता येत नाही, म्हणून त्यासाठी भांडणारा उमेदवार मला मोलाचा वाटतो. त्याला विचारा: कुठून कुठपर्यंतची लाइन, किती इंची, पहिल्या वर्षी तरतूद किती मागणार? ज्याला उत्तर येतं तो गल्ली फिरून आलेला असतो.

निर्णय अडत असेल तर घरचा हिशोब मांडा. एका कागदावर वर्षाची घरपट्टी. दुसऱ्यावर सोसायटीच्या खर्चातला तुमचा वाटा: टँकर, चेंबर उपसायला बोलावलेली गाडी, घरातला फिल्टर. आमच्याकडे दुसरा आकडा मोठा निघाला आणि वाद बराचसा तिथेच मिटला. भाड्याने राहणाऱ्यांचं तर उघडच आहे: माफी मिळते मालकाला, टँकरची वाट बघतो भाडेकरू.

माझं मत ड्रेनेजचं बोलणाऱ्याला. समाविष्ट गावात राहत असते तर पट्टीवर भांडणाऱ्याला दिलं असतं.

आणि एक, मुंबईबाहेर बहुतेक प्रभाग चार जागांचे आहेत. अ, ब, क, ड अशी चार मतं द्यायची असतात आणि चारही एकाच पक्षाला द्यायला हवीत असं नाही. एका जागेवर दरवाढ रोखणारा आणि दुसऱ्या जागेवर पाइपसाठी भांडणारा, असं निवडता येतं. मशीनपुढे घाई करू नका, चारही याद्या वाचूनच बटणं दाबा.